पाय नसलेला घोडा

हनीफ पावसकर गेले आणि घरातली भांडणं बंद पडली. अफशाँला त्या शांततेचाच जास्त त्रास होत होता.

जेद्दाच्या शराफिया मोहल्ल्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, तिची आई इस्मत चाळीस वर्षं नवऱ्याशी भांडत आली होती. भाजीत मीठ जास्त, नमाजाला उशीर, पंखा तीनवर का, असे फुटकळ विषय तर रोज निघत. पण एक विषय कायमचा होता, कधीही काढा, ताजाच. तो म्हणजे अडकित्ता.

अडकित्ता इस्मतच्या माहेरचा, दाभोळचा. पितळेचा, जड, आणि मिटला की त्याचा धावता घोडा व्हायचा. वरच्या अर्ध्यात डोकं, आयाळ, पाठ आणि सुपारी कातरायचं लोखंडी पातं. खालच्या अर्ध्यात पोट आणि दुमडलेले चार पाय. हनीफ एका हॉटेलात आचारी होते. दर हिवाळ्यात चार महिने ते अल उलाच्या बाजूला एका उत्खननाच्या तळावर रांधायला जात. तिथं वाळूखाली रोमन घोडदळाचं एक ठाणं सापडलं होतं. अठरा वर्षांपूर्वी, पहिल्याच खेपेला, त्यांनी बायकोला न विचारता अडकित्ता बरोबर नेला आणि मार्चमध्ये परत आले ते फक्त पोट आणि पाय घेऊन.

"वरचं अर्धं कुठाय?"

"खिळा निघाला. मग कुणीतरी चोरलं."

पुढच्या वर्षी ते उंटानं गिळलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी कफीलला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाला, आवडलं म्हणून देऊन टाकलं होतं. एका वर्षी तर कफीलच्या उंटानं गिळलं होतं. इस्मतनं शेवटी फर्मान काढलं, की वरचं अर्धं मिळेस्तोवर हे अर्धंही घरात दिसता कामा नये. ते हनीफच्या पेटीत गेलं आणि दर हिवाळ्यात पेटीबरोबर तळावर जाऊन येऊ लागलं.

गेल्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी, अब्बा चहा गाळता गाळता खाली बसले आणि उठले नाहीत. अम्मा रडली नाही. ती इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस बाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. तिचं बोलणंही तेवढ्यात आटोपलं. "हो." "नको." "खलास." अफशाँ इंडियन स्कूलच्या ग्रंथालयात काम करायची, शांततेची तिला सवय होती. पण संध्याकाळी घरी येऊन कुलूप काढताना आतून कुणाच्या नावानं शंख ऐकू येत नाही, ह्याची सवय काही होईना. अम्मा अब्बांचं नावही काढत नव्हती, आणि भांडत नव्हती म्हणजे आठवतच नव्हती की काय, असं अफशाँला वाटू लागलं होतं.

जानेवारीत तळावरून फोन आला. हनीफभाईंची पेटी इथंच राहिली आहे, कुणी न्यायला येता का? अब्बा मार्चमध्ये येताना पेटी तिथंच ठेवून आले होते. म्हणाले होते, "परत जायचंच आहे की."

"जाऊ का?" अफशाँनं विचारलं.

"जा," अम्मा म्हणाली. पूर्ण दिवसातला तो चौथा शब्द होता.

अल उलाच्या विमानतळावर तिला घ्यायला गिरीश आला होता. मूळचा साताऱ्याचा, रियाधच्या एका कंपनीतून आलेला. सापडलेल्या वस्तूंची कॉम्प्युटरवर थ्रीडी चित्रं करणं हे त्याचं काम. मराठी बोलणारं माणूस मिळालं म्हणताच त्यानं पाऊण तास श्वास घेतला नाही.

"ताई, तुमच्या वडलांनी मला इथं अळूवडी खाऊ घातलीय. वाळवंटात! पानं कुठून आणली, विचारलं तर म्हणाले, उंटानं आणून दिली."

"उंटावर त्यांचा फार विश्वास होता," अफशाँ म्हणाली.

ठाणं म्हणजे गुडघाभर उंचीच्या दगडी भिंतींची ओळ. गिरीश एका चौकोनात उभा राहून यजमानासारखा हात पसरून म्हणाला, "या. ही पुढची खोली, इथं तीन घोडे. मागच्या खोलीत तीन स्वार. घोडे आणि माणसं एकाच छपराखाली. आणि हा मधला खड्डा दिसतोय ना? हा घोड्यांच्या मुतासाठी."

"आणि माणसं झोपायची कशी? त्या वासात?"

"सवयीनं."

"म्हणजे शराफियातल्या बॅचलर खोलीसारखंच," अफशाँ म्हणाली. "फक्त घोडे जास्त."

स्वयंपाकाच्या तंबूमागच्या खोलीत पेटी होती. पत्र्याची, हिरवी, वर पांढऱ्या रंगात 'एच. पावसकर'. अफशाँनं ती एकटीनंच उघडली. दोन सदरे, टोपी, एका काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा, मसाल्याचा डबा. डब्यातला वास तिनं घेतला आणि झाकण लगेच लावलं, वास संपेल म्हणून. तळाशी फडक्यात बांधलेलं काहीतरी जड होतं. गाठ सोडली तर घोड्याचं पोट आणि चार पाय. चकचकीत. अब्बा दर वर्षी ते चिंचेनं घासत असणार. तिनं ते फडक्यासकट पर्समध्ये टाकलं. अम्माला निदान एवढं तरी देता येईल. पण देऊन काय होणार, हेही तिला ठाऊक होतं. अम्मा म्हणेल, "ठेव."

मग हैफा आल्या. तळाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, मदिनेच्या, उन्हानं रापलेल्या. अफशाँचे दोन्ही हात हातात घेऊन त्या अरबीत दुवा म्हणाल्या आणि नंतर इंग्रजीवर आल्या.

"तुझे वडील आचारी नव्हते," त्या म्हणाल्या. "आचारी होतेच, पण खरे तर ते आमच्यातलेच होते. दुपारची भांडी आटोपली की चाळणीपाशी येऊन बसायचे. खणून काढलेली सगळी माती आम्ही चाळतो ना, तिथं. मजूर कंटाळायचे, ते नाही. सात नाणी त्यांनी शोधली. लगामाची एक कडी शोधली. घोड्याच्या छातीवर लोंबतं ना, पानाच्या आकाराचं पदक, तेही त्यांनीच शोधलं. आमच्या पहिल्या कपाटातलं निम्मं सामान हनीफचं आहे. इतिहासाची इतकी ओढ मी पीएचडीच्या विद्यार्थ्यांत पाहिलेली नाही."

घरी अब्बांनी वर्तमानपत्रातसुद्धा फक्त नमाजाच्या वेळा वाचल्या होत्या.

"आणि जागेचा वास यायचा त्यांना," हैफा सांगत होत्या. "कोपऱ्यातल्या खोलीतला तो घोड्यांच्या मुताचा खड्डा. पहिल्या वर्षी तो वरवर खणला होता आणि मोसम संपताना नेहमीप्रमाणे परत बुजवून टाकला. दर वर्षी हनीफ मला विचारायचे, मॅडम, तो कोपऱ्यातला पुन्हा कधी उघडणार? मी म्हणायची, तिथं काही नाही. ते म्हणायचे, मॅडम, माझं मन सांगतं, आहे. यंदा ते नाहीत, म्हणून आम्ही त्यांच्या आठवणीसाठी उघडला. आणि काय सापडलं, माहीत आहे? चल, दाखवते. त्यांना दाखवायचं राहिलं."

वस्तूंच्या खोलीत लांब टेबलावर डबे मांडले होते, प्रत्येकावर नंबर. उद्या सकाळी गाडी रियाधला जाणार होती, संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत. भिंतीवर गिरीशनं केलेलं मोठं चित्र लावलं होतं. वाळूतून दौडणारा रोमन स्वार, लाल झगा, आणि शिरस्त्राणावर सोनेरी घोडा. घोडा उडत होता, कारण त्याला पाय नव्हते.

"पाय नाहीत, हेच तर वैशिष्ट्य आहे," गिरीश म्हणाला. "वेगाचं प्रतीक. पायांची गरजच नाही, असा घोडा. आणि डावा कान बघा, मुद्दाम तोडलाय. मेलेल्या घोड्याच्या नावानं वस्तू अर्पण करताना ती थोडी मोडायची, अशी प्रथा असावी. असावी म्हणजे, मी म्हणतो."

हैफांनी डबा उघडला.

कापसावर घोड्याचं डोकं, आयाळ आणि पाठ होती. पितळ हिरवं पडलेलं, आणि पोटाच्या बाजूला गंजलेल्या लोखंडाचा एक गोळा चिकटलेला.

"हे लोखंड शिरस्त्राणाला अडकवायच्या पट्टीचं आहे," हैफा म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात रियाधला माझं व्याख्यान आहे. ह्या घोड्यावर."

अफशाँ इतका वेळ घोड्याकडे बघत राहिली, की दोघांना वाटलं तिला वडलांची आठवण आली. आली होतीच. अब्बा चाळणीपाशी बसलेले तिला दिसत होते, चष्म्याला दोरा बांधून, अठरा हिवाळे. सात नाणी बाजूला टाकलेली. हे नव्हे, हेही नव्हे, हे कुणातरी राजाचं तोंड, हेही नव्हे.

तोंड उघडावं की नाही? नाही उघडलं, तर अब्बांचा अडकित्ता काचेच्या कपाटात जाणार, खाली पाटी, दिवा, शाळेची पोरं रांगेनं बघायला येणार. अब्बांना ही गंमत इतकी आवडली असती, की त्यांनी शराफियातल्या प्रत्येक दुकानात जाऊन सांगितली असती. पण रियाधला शहाणी माणसं बसली होती. तिथं हैफांचं हसं झालं असतं. आणि उद्या सकाळी गाडी गेली, की घरातल्या त्या गप्प बाईकडे न्यायला तिच्या हाती फक्त चार पाय उरणार होते.

तिनं पर्समधून फडकं काढलं.

"डॉक्टर हैफा," ती म्हणाली, "तुमच्या घोड्याचे पाय माझ्याकडे आहेत."

आणि तिनं ते टेबलावर ठेवले.

बाहेर जनरेटर चालू होता. हैफांनी हातमोजे नीट केले, घोडा उचलला आणि पायांवर टेकवला. मानेपाशी दोन्हीकडे एकेक भोक होतं. भोकावर भोक बसलं. आयाळीची शेवटची रेघ वरून खाली न तुटता उतरली.

"हे काय आहे?" हैफांनी हळूच विचारलं.

"सुपारी कातरायचं यंत्र."

"अडकित्ता!" गिरीश एवढ्या जोरात ओरडला, की दारातलं मांजर पळालं. "अरे देवा. ताई, हळद लागल्यापासून लग्न लागेपर्यंत माझ्या हातात अडकित्ता होता. दोन दिवस! आत्या म्हणाली, खाली ठेवलास तर भूत लागेल. मी त्याच्यासकट झोपलो होतो! आणि इथं मी त्याचं थ्रीडी मॉडेल केलं, चारशे फोटो काढून, आणि मला ओळखू आला नाही?"

"तुमचा घोड्याचा नसेल."

"साधा लोखंडी होता. पण तरीही. भूत लागलं म्हणायचं ते हेच."

हैफा मात्र खुर्चीत बसल्या होत्या. "योगायोग असू शकतो," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. "तुमच्याकडे असे घोडे पुष्कळ असतील. सांध्याचं मापही एकच असेल. हा तोच, हे कशावरून? हा कान कशानं तुटला, हे तुला माहीत आहे?"

अफशाँला माहीत नव्हतं. वरचं अर्धं हरवलं तेव्हा ती वसतिगृहात होती, आणि घोड्याचा कान तिनं कधी निरखला नव्हता.

"एका बाईला माहीत असेल," ती म्हणाली आणि तिनं घरी व्हिडिओ लावला.

पडद्यावर आधी छत आलं, मग पंखा, मग अम्माच्या ओढणीचं टोक.

"अम्मा, एक दाखवायचंय."

"पुरुष हाय काय तिथं?"

"एक आहे."

"बाजूला कर त्याला. मी इद्दतीत हाय."

गिरीश स्वतःहून कपाटामागं गेला आणि तिथूनच म्हणाला, "गेलो, काकी."

"आवाज पण नको," अम्मा म्हणाली. अफशाँनं मोजलं नाही, पण आजचा चार शब्दांचा हिशेब केव्हाच मोडला होता. तिनं फोन डब्यावर धरला. पलीकडं पंखा फिरत होता. एकवर.

"डावा कान तुटलेला हाय?" अम्मानं विचारलं.

अफशाँनं हैफांना इंग्रजीत सांगितलं. हैफा पुढं वाकल्या.

"हो, अम्मा. कशानं तुटला?"

"मी फेकून मारलेला. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी. तुझ्या बापसाला. म्हणतो कसा, तुझ्यापेक्षा तुझी भैन बरी रांधते. मारला तो त्याला नाय लागला, भिंतीला लागला, नि कान उडाला. चार दिवस तो कान हुडकत होता माजघरात, म्हणे सासऱ्याला काय तोंड दाखवू. कुठं घावला हा?"

"खड्ड्यात. इथं. घोड्यांच्या मुताच्या खड्ड्यात, अम्मा."

"मुताच्या?" अम्माचा चेहरा पहिल्यांदाच पडद्यात पूर्ण आला. डोळे मोठे झाले होते. "माझ्या माहेरचा अडकित्ता मुतात? आणि मला सांगतो उंटानं गिळला? अठरा वर्षं? हा माणूस… गो बाय, हा माणूस कसला होता गो! मी तेव्हाच म्हणालेली, नेऊ नको. ऐकलं काय? बापजन्मात कुणाचं ऐकलं काय त्यानं? आता असता समोर तर दुसरा कान पण…"

आणि ती थांबली. मग ओढणी तोंडाला लावून हसू लागली, आणि हसता हसता कुठल्या क्षणाला रडू लागली, हे पडद्यावर नीट कळलं नाही. अफशाँनं फोन छातीशी धरला. गिरीश कपाटामागून बाहेर आला नाही. शहाणा होता.

अफशाँनं सगळं इंग्रजीत सांगितल्यावर हैफांनी विचारलं, "पण त्यांनी मला सांगितलं का नाही? नुसतं म्हणाले असते, मॅडम, माझी वस्तू त्या खड्ड्यात पडली आहे."

उत्तर बाहेर स्वयंपाकाच्या तंबूच्या दाराशी होतं, उन्हानं फिकट झालेल्या पाटीवर, अरबीत आणि उर्दूत: खणतीवर पान-सुपारी सक्त मना. अफशाँनं बोट दाखवलं. हैफांनी पाटी पाहिली आणि डोक्याला हात लावला. पहिल्याच वर्षी एका विद्यार्थ्यानं दगडावरचा लाल ओघळ 'भिंतीवरील रंगकामाचे अवशेष' म्हणून नोंदवला होता. नंतर कळलं, ती पिचकारी होती. कुणाची, ते कधीच कळलं नाही. तेव्हाच्या प्रमुखांनी पाटी लावली आणि आचाऱ्यानं सर्वांसमोर शपथ घेतली, की आपण सुपारीला शिवत नाही.

"म्हणजे प्रमुख येताना दिसले, ह्यांनी अडकित्ता वाळूत सरकवला," हैफा म्हणाल्या, "आणि दुसऱ्या दिवशी आम्ही खड्डा बुजवला."

"आणि खालचं अर्धं खिशात राहिलं," अफशाँ म्हणाली. "खिळा निघाला होता, एवढं मात्र खरं सांगितलं होतं."

हैफा हसल्या. आधी नुसते खांदे हसले, मग सगळ्याच. "ती माती हलवलेली वाटते, असं मीच म्हणाले होते," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण घोडदळाच्या ठाण्यात घोडा दिसला आणि आम्ही सगळे वेडे झालो. बरं झालं, तू आलीस. रियाधला एक्स-रे काढून त्यांनी मला सांगितलं असतं, तर मी पुन्हा तोंड दाखवलं नसतं. आता व्याख्यान त्या पदकावर देते. तेही हनीफचंच."

राहिला प्रश्न नोंदवहीचा. जमिनीतून निघालेल्या वस्तूला एकदा नंबर पडला, की तो खोडता येत नाही, पानही फाडता येत नाही. हैफांनी लाल पेनानं 'रोमन, शिरस्त्राणावरील घोडा' यावर एक सरळ रेघ मारली, अशी की खालचं वाचता यावं, आणि पुढं लिहिलं: 'अडकित्ता, वरचा भाग. मालक: हनीफ पावसकर, आचारी. वस्तू कुटुंबाच्या ताब्यात.' मग पेन क्षणभर थांबलं. त्याच पानावर वरच्या ओळींत नाणी होती, लगामाची कडी होती, आणि 'कोणाला सापडले' या रकान्यात तेच नाव खाली खाली उतरत आलं होतं. ह्या ओळीत तो रकाना रिकामा होता. खणणारा मजूर कोण होता, हे हैफांना पक्कं माहीत होतं. त्यांनी तिथंही हनीफ लिहिलं.

"हे नियमात बसतं?" गिरीशनं विचारलं.

"अठरा वर्षं शोधत होते," हैफा म्हणाल्या. "सही कर, अफशाँ. यल्ला, जेवायला चला. जेवण वाईट आहे, आधीच सांगते. नवा आचारी."

दुसऱ्या दिवशी दुपारी अफशाँ घरी पोचली. मधल्या खिळ्याच्या जागी गिरीशनं आपल्या कॅमेऱ्याच्या स्टँडचा एक स्क्रू बसवून दिला होता. घोडा पुन्हा चार पायांवर उभा होता, जरासा लंगडत. अम्मानं तो हातात घेतला, तीन वेळा धुतला, मग आणखी तीन वेळा धुतला. तेलाचा बोळा फिरवला. डब्यातून एक सुपारी काढून गंजक्या पात्याखाली धरली आणि दाबली. सुपारी उडून सोफ्याखाली गेली.

"बघ," अम्मा म्हणाली. "धार गेली. स्क्रू ढिला. ह्याला काम म्हणतात? नि पेटी आणलीस ती अशी दारात ठेवतात? आणि हा चष्मा बघ, दोरा बांधून घालत होता, मी दहादा सांगितलं नवा कर. दहादा! तुझ्या बापसाला सांगून सांगून माझी जीभ झिजली…"

अफशाँ सोफ्याखाली हात घालून सुपारी शोधत होती. ती केव्हाच हाताला लागली होती. पण तिनं शोधणं चालूच ठेवलं.